खिशात मावणारा खरा कॅमेरा : रिको जीआर आणि त्याची भावंडं

पायवाट

चांगल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांवर इथे स्वतंत्र धागा सापडला नाही, म्हणून हा काढतोय. डीएसएलआर आणि मिररलेसवर (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांवर) भरपूर चर्चा झाली आहे, मोबाइल फोटोग्राफीवरही झाली आहे. मधला हा छोटा वर्ग राहून गेलाय, आणि फोटो काढण्यातला निव्वळ आनंद माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच आहे.

आधी कुठले कॅमेरे म्हणतोय ते सांगतो. पूर्वी घरोघरी कपाटात असायचे ते चंदेरी डिजिटल कॅमेरे नव्हेत. त्यांची जागा फोनने घेतली. जपानी कंपन्यांनी २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते आणि त्यातले बहुतांश तसले छोटेच होते. २०२३ साली छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा २० लाखांच्याही खाली गेला. या पडझडीत जे तगले त्यांना स्वस्ताईवर तगणं शक्यच नव्हतं. मग त्यांच्यात मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आला, नीट घडवलेली लेन्स आली, आणि हातात घेऊन वापरायला बरं वाटेल असं यंत्र तयार झालं.

मोठा म्हणजे किती मोठा? जुन्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.५ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. सोनी आरएक्स १०० मधला, ज्याला 'एक इंची' म्हणतात तो, १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६. रिको जीआर आणि फुजी एक्स १०० मधला एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६६ च्या आसपास. जुन्या कॉम्पॅक्टच्या तेरापट! बहुतेक डीएसएलआरमध्ये असतो तेवढाच सेन्सर, आणि रिकोच्या बाबतीत तो शर्टाच्या खिशात.

माझ्याकडे रिको जीआर थ्री आहे, तेव्हा मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहीन. बॅटरी आणि कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम. २४ मेगापिक्सेल. लेन्स एकच, बदलता न येणारी, झूम नसलेली, फुलफ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात २८ मिमी, एफ २.८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). व्ह्यूफाइंडर (डोळा लावून चौकट पाहायची खिडकी) नाही, फ्लॅश नाही. या घराण्याची सुरुवात फिल्मच्या काळात, १९९६ साली जीआर वनपासून झाली. २००५ साली पहिला डिजिटल जीआर आला तो लहान सेन्सरचा. २०१३ साली जवळपास तेवढ्याच अंगात एपीएस-सी बसवला. थ्री २०१९ चा, ४० मिमीची लेन्स असलेला थ्री एक्स २०२१ चा, आणि २०२५ साली जीआर फोर आला. इतक्या वर्षांत बाहेरून कॅमेरा फारसा बदललाच नाही. १९९६ चा जीआर वन वापरलेल्या माणसाच्या हातात आजचा जीआर दिला तर बोटं आपोआप जागेवर जातील. जपानचे दाइदो मोरियामा हे रस्त्यावरच्या फोटोग्राफीतलं मोठं नाव. तेही वर्षानुवर्षं याच मालिकेतले कॅमेरे घेऊन फिरत आले आहेत.

आता आनंदाबद्दल.

पहिली गोष्ट एकाच लेन्सची. झूम नसला की फोटो घेण्याआधीच फोटो दिसायला लागतो. २८ मिमीची लेन्स अडीच मीटरवरून साधारण सव्वातीन मीटर रुंदीची चौकट देते. हे डोळ्यांत इतकं मुरतं की समोर रस्ता दिसला की त्याच्या कडा कुठे कापल्या जाणार ते कॅमेरा न काढताच कळतं. मग कॅमेरा फक्त नोंद करायला बाहेर येतो. ही सवय लागायला वेळ जातो, पण एकदा लागली की चालणं आणि फोटो काढणं वेगळं राहत नाही.

दुसरी, आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, म्हणजे स्नॅप फोकस. हे नीट सांगतो, कारण जीआरचा जीव यात आहे. कॅमेऱ्यात आधीच एक अंतर ठरवून ठेवायचं : १, १.५, २, २.५, ३.५ किंवा ५ मीटर, नाहीतर अनंत. शटरचं बटण अर्धवट दाबलं तर नेहमीचा ऑटोफोकस होतो. पण एका दमात पूर्ण दाबलं तर कॅमेरा काही शोधत बसत नाही, ठरवलेल्या अंतरावर तत्क्षणी फोटो घेतो. एफ ८ वर अडीच मीटर ठेवलं तर साधारण १.२ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं सुस्पष्ट येतं. म्हणजे फोकस हा विषयच डोक्यातून जातो.

मंडईत सकाळी याचा खरा उपयोग कळतो. पुण्याच्या फुले मंडईत वरून तिरका उजेड येतो आणि एखाद्याच गाळ्यावर पडतो. एक मावशी लिंबांचा ढीग रचत होत्या. वरचं एक लिंबू घरंगळलं, त्यांनी ते ढोपराने अडवलं, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत दिले. सगळा खेळ दीड-दोन सेकंदांचा. खिशातून कॅमेरा काढून चालू करायला जीआरला सेकंदभर लागत नाही, आणि पुढे बटण एकदाच दाबायचं. त्या फोटोत ढोपर, लिंबू, नाणी आणि मागे हसणारा शेजारचा गाळेवाला, सगळे आपापल्या जागी आहेत. मोठा कॅमेरा पिशवीत असता तर मी चेन उघडेपर्यंत लिंबू ढिगावर परत गेलं असतं.

तिसरी गोष्ट एका हाताची. अंगठ्याशी आणि तर्जनीशी सगळं येतं : छिद्र, एक्स्पोजर (फोटो किती उजळ यावा) कमी-जास्त, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता). दुसऱ्या हातात छत्री असो, लोकलचा दांडा असो की पोराचा हात.

उणिवाही सांगतो, म्हणजे चर्चा सरळ होईल. बॅटरी कमी चालते, कंपनीच्याच आकड्याने २०० फोटो. उन्हात पडदा नीट दिसत नाही. पाऊस-धुळीपासून संरक्षण नाही. दूरचा पक्षी, स्टेजवरचा कलाकार, क्रिकेट यांसाठी हा कॅमेरा नाहीच. व्हिडिओसाठीही घेऊ नये.

तुमच्याकडे या वर्गातला कुठला कॅमेरा आहे आणि त्याने तुम्हाला काय दिलं, ते वाचायला आवडेल.

चिंचेचं_झाड

लेख आवडला. पण एक प्रामाणिक प्रश्न. आजकालच्या महागड्या फोनमध्येही मोठे सेन्सर आहेत, तीन-तीन लेन्स आहेत, आणि फोन तर खिशात असतोच. मग हा दुसरा खिसा कशाला भरायचा? माझे फोनवरचे फोटो मला खरंच चांगले वाटतात.

पायवाट

@चिंचेचं_झाड, फोनचे फोटो चांगलेच असतात, त्यात वाद नाही. फरक दोन ठिकाणी पडतो.

एक म्हणजे फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकांवर बसवतो, अंधार उजळतो, आभाळाचा लख्खपणा कमी करतो. बऱ्याच वेळा ते हवंच असतं. पण संध्याकाळी देवघरात फक्त समई तेवत असते तेव्हा आपल्याला त्या खोलीतला अंधारसुद्धा हवा असतो. फोन कोनाड्यातला तांब्यादेखील लख्ख दाखवतो. जीआरमध्ये मी एक्स्पोजर दीड स्टॉप खाली घेतो (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), ज्योत शाबूत राहते, आईचा चेहरा अर्धा उजेडात येतो आणि बाकी खोली काळी राहते. काय दिसावं आणि काय दिसू नये हे मी ठरवतो.

दुसरं म्हणजे फोन हातात घेतला की तो फोन असतो. मेसेज येतो, कोणाचा तरी मिस्ड कॉल दिसतो, आणि पाहणं तुटतं. कॅमेऱ्याला एकच काम येतं, आणि ते करताना माझ्याही डोक्यात एकच काम असतं.

तुमचं मन फोनवर रमत असेल तर जरूर फोनच वापरा. पण एखाद्या मित्राचा असा कॅमेरा आठवडाभर मागून पाहा.

माळरान

छान धागा! माझा पक्ष आरएक्स १०० चा. २०१२ साली पहिला आरएक्स १०० आला तेव्हा २४० ग्रॅमच्या कॅमेऱ्यात एक इंची सेन्सर आणि एफ १.८ ची झाईस लेन्स ही मोठी गोष्ट होती. इतर कंपन्यांनीही पुढे तीच वाट धरली. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात वर उडी मारणारा छोटा व्ह्यूफाइंडर आला, तोच मी वापरते. २४ ते ७० मिमीचा झूम, पूर्ण झूम केल्यावरही एफ २.८.

पायवाट, तुम्ही एका लेन्सचं कौतुक केलंत ते पटतं, पण आईबाबांना घेऊन फिरताना झूम लागतोच. आई पायरीवर बसते, बाबा पुढे निघून जातात, आणि मी मध्ये. दोघांचेही फोटो एकाच जागेवरून घ्यायचे असतात, सारखं कुणाला 'जरा इकडे या' म्हणणं बरं वाटत नाही.

अजिंठ्याचा अनुभव सांगते. लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि ते योग्यच आहे, रंगांना धोका असतो. ट्रायपॉडही नेता येत नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उजेड अगदी मंद. आधी डोळे सरावू द्यायचे, घाई करायची नाही. मग एफ १.८, झूम अजिबात नाही, कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास सोडून शटर अलगद दाबायचं. १/१५ सेकंदालाही हात स्थिर राहतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा मुकुटावरची बारीक नक्षी आणि खाली झुकलेल्या पापण्या दोन्ही मिळाल्या होत्या. गर्दी मागे उभी असताना मोठा कॅमेरा घेऊन तिथे रेंगाळायला मला संकोच वाटला असता. छोट्या कॅमेऱ्याने काम आटोपलं आणि उरलेला वेळ नुसतं चित्र पाहण्यात गेला.

पायवाट

@माळरान, पापण्यांचं वर्णन वाचून परत अजिंठ्याला जावंसं वाटलं. मंद उजेडात एफ १.८ चा फायदा मोठाच. जीआर थ्रीमध्ये सेन्सरच हलून हाताचा कंप सावरतो, त्यामुळे २८ मिमीला १/८ पर्यंत जाता येतं, पण त्यात स्थिर चित्रच येतं. समोर माणूस हलला की १/८ चा उपयोग नाही.

थेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. माझ्याकडे फुजीचा एक्स १०० व्ही, म्हणजे मालिकेतला पाचवा आहे. मूळ एक्स १०० २०११ चा, आणि २०२४ मध्ये आलेला सहावा इतका गाजला की लोक महिनोन् महिने नंबर लावून बसले. पॅंटच्या खिशात हा मावत नाही हे आधीच कबूल करतो, सहावा तर ५२१ ग्रॅमचा आहे. पण कोटाच्या खिशात मावतो, आणि इथे वर्षातले बरेच महिने कोट अंगावर असतोच.

मला सांगायचंय ते त्याच्या व्ह्यूफाइंडरबद्दल. एक खटका दाबला की इलेक्ट्रॉनिक पडदा जातो आणि साधी काच उरते. त्या काचेत फोटोची चौकट एका रेघेने दाखवलेली असते आणि चौकटीबाहेरचंही दिसत असतं. म्हणजे फ्रेममध्ये शिरू पाहणारा माणूस आधीच दिसतो, तो नेमका कुठे आला की दाबायचं हे ठरवता येतं. हे सुख मला इतर कुठल्याच डिजिटल कॅमेऱ्यात मिळालेलं नाही.

आणि तबकड्या. छिद्राची कडी लेन्सवर, शटरची तबकडी डोक्यावर. कॅमेरा बंद असतानाही सेटिंग काय आहे ते नुसतं पाहून कळतं.

मंडळाच्या गणपतीला आम्ही शाळेचा हॉल भाड्याने घेतो. आरतीच्या वेळी मोठ्या कॅमेऱ्याची खटखट नको वाटते. एक्स १०० आणि जीआर दोन्हींत शटर लेन्सच्या आतच असतं, पाकळ्यांचं, त्यामुळे आवाज जवळजवळ होतच नाही. त्याच शटरमुळे भर उन्हातही वेगवान शटरला फ्लॅश चालतो. दुपारी मिरवणुकीत ढोलवाल्यांच्या टोपीखाली चेहरे काळे पडतात, तिथे हळूच फ्लॅश मारला की डोळे उजळतात आणि मागचं आभाळही पांढरंफटक होत नाही.

सह्यकडा

+१. ट्रेकर्सच्या बाजूने थोडं. पाठीवर पाणी, शिधा, दोर असताना किलोभर कॅमेरा म्हणजे शिक्षा. जीआर घेतल्यापासून कॅमेरा सॅकमध्ये न जाता छातीच्या पट्ट्याला लटकतो आणि म्हणूनच फोटो निघतात. जीआरमध्ये ३५ आणि ५० मिमीचा क्रॉप (चौकटीचा फक्त मधला भाग घेणं) एका बटणावर ठेवता येतो, ३५ ला साधारण १५ मेगापिक्सेल उरतात आणि ५० ला ७. स्क्रीनसाठी आणि छोट्या प्रिंटसाठी पुरतात. पावसाळ्यात मात्र मी तो नेत नाही.

वाखरी

पायवाट, धागा वाचून राहवलं नाही. मी वारीत चालतो, माउलींच्या पालखीबरोबर. पूर्वी मोठा कॅमेरा आणि ७०-२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स घेऊन जायचो, आता फक्त जीआर.

फरक माणसांत पडतो. मोठ्या लेन्ससमोर वारकरी थबकतात. कुणी टोपी सावरतं, कुणी विचारतं, 'कुठल्या च्यानलचे?' मग टाळ वाजतात पण ते लेन्ससाठी वाजतात. छोटा कॅमेरा पाहून तेच लोक म्हणतात, 'आमचा पण काढा की माउली,' आणि काढला की आपल्या वाटेला लागतात. त्यानंतरचे फोटो खरे. दिवे घाटात चढण लागते तेव्हा बोलणं कमी होतं, श्वास ऐकू येतात. डोक्यावर तुळस घेतलेली आजी एका हाताने वृंदावन धरते आणि दुसऱ्या हाताने पुढच्या बाईच्या पदराचं टोक पकडते, चढ चढताना आधार म्हणून. हे हातभर अंतरावरून, तिच्याबरोबर चालत चालत घ्यायला लागतं. लांबून घेतलं तर नुसती रांग दिसते, पदर पकडलेली ती मूठ दिसत नाही.

२८ मिमी इथे अगदी बरोबर बसतं. चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणात दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, मागे सरकायला जागा नसते. अश्व डोळ्यांसमोरून जातो तेव्हा स्नॅप दोन मीटर, शटर १/१०००, आणि फक्त दाबायचं.

धुळीबद्दल सगळ्यांनी लक्षात ठेवा. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सच्या कुठल्याही कॅमेऱ्यात धूळ शिरण्याची भीती असते, कारण नळी आत जाताना अंगावरचं घेऊन जाते. जेजुरीत भंडारा उधळला जात असताना मी कॅमेरा चालू करतच नाही. झिपच्या पिशवीत ठेवतो. पुढे मुक्कामावर हवेच्या पंपाने नळीभोवतीची पूड उडवतो आणि मगच लेन्स बाहेर काढतो. कापडाने पुसायची घाई करायची नाही, हळद घासली जाऊन चरे पडतात. पावसात छत्री हीच काय ती सोय. जास्तीच्या दोन बॅटऱ्या ठेवायच्या. कॅमेरा यूएसबी-सीने चार्ज होतो, म्हणून फोनचाच पॉवरबँक चालतो.

आणि ज्यांचे फोटो काढतो त्यांच्या दिंडीचा क्रमांक लिहून घेतो. पुढच्या वर्षी प्रिंट नेऊन देतो. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००, इंचाला तीनशे ठिपक्यांच्या घनतेने २० बाय १३ इंचांपर्यंत बिनदिक्कत छापता येतं. पण आजीबाईंना पोस्टकार्ड आकारच हवा असतो, पिशवीत ठेवायला.

चिंचेचं_झाड

वाखरी, ती मूठ डोळ्यांसमोर आली. फोटो इथे टाकाल का?

वाखरी

@चिंचेचं_झाड, आजींना विचारून टाकेन. अजून त्यांना प्रिंट द्यायचा आहे, तो आधी.

मांडवीतीर

सगळे छान लिहितायत, पण मला एक मुद्दा मांडायचाय आणि तो मनापासून मांडतेय. 'छोटा कॅमेरा, कुणाला कळत नाही' हे कौतुक मला खटकतं. मी पणजीची. आमच्या फोंताइन्हासमध्ये रंगीत घरांसमोर फोटो काढायला एवढे लोक येतात की घरमालकांनी फोटो काढू नका असे फलक लावलेत. लोक दुसऱ्याच्या पायऱ्यांवर बसतात, खिडकीतून आत डोकावतात. आतलं माणूस जेवत असतं. कॅमेरा मोठा असला तर निदान दिसतो तरी, हटकता येतं. न दिसणाऱ्या कॅमेऱ्याचं काय करायचं? रस्ता सगळ्यांचा असला तरी खिडकीच्या आतला उजेड त्या घराचा आहे.

पायवाट

@मांडवीतीर, हा मुद्दा यायलाच हवा होता. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी मंडईतल्या मावशींबद्दल लिहिलं, पण पुढचं लिहिलं नाही. फोटो घेतल्यावर मी त्यांच्याकडे पाहून हसलो आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांना ढोपराची गंमत वाटली. नको म्हणाल्या असत्या तर तिथेच पुसून टाकला असता. हा माझा ठरलेला शिरस्ता आहे.

२८ मिमीने लपून फोटो काढता येत नाही, हेही त्यातच आलं. माणूस चौकटीत नीट दिसायला दीड-दोन मीटरवर जावं लागतं. एवढ्या जवळून समोरच्याला आपण दिसतोच. लपवणारी लेन्स लांब पल्ल्याची. घराच्या आत, दवाखान्यात, रडणाऱ्या माणसासमोर, आणि मुलांच्या बाबतीत आईबापांच्या होकाराशिवाय कॅमेरा बाहेरच काढायचा नाही, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे.

वाखरी

मांडवीतीर यांना अनुमोदन. वारीतही आंघोळीच्या जागी आणि पहाटे राहुट्यांत लोक बिनधास्त कॅमेरे घेऊन शिरतात. नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तिथे सोहळा पाहायला गर्दी असते, ते ठीक. पण बाजूला बायका अंग धूत असतात. तिथे कॅमेरा पिशवीत आणि पाठ नदीकडे.

मांडवीतीर

दोघांचेही आभार. मला विरोधासाठी विरोध करायचा नव्हता, माझ्याकडेही आरएक्स आहे. संध्याकाळी मिरामारला पाणी ओसरल्यावर ओल्या वाळूत आभाळ उतरतं तेव्हा तोच बरोबर असतो. फक्त हे या धाग्यात लिहिलेलं असावं असं वाटलं.

उंबरठा

मी या विषयात अगदी नवीन. सगळं वाचून जीआर थ्री वापरलेला घ्यायचा विचार पक्का होतोय, कारण नवीन फोरची किंमत झेपणारी नाही. एक जण विकतोय, ठाण्यात. जाऊन काय काय बघायचं? आणि आणल्यावर सेटिंग काय ठेवायचं, ते कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

सह्यकडा

@उंबरठा, फोर आणि थ्रीतला फरक आधी. फोरमध्ये कंप सावरणं सुधारलंय (तीनऐवजी पाच अक्ष), अंतर्गत साठवण २ जीबीवरून ५३ जीबी झाली आणि कार्ड मायक्रोएसडी झालं. शिकायला थ्री अगदी पुरेसा आहे.

बघताना छिद्र एफ १६ वर ठेवून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा नाहीतर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, फोकस मुद्दाम अनंतावर ठेवून. पडद्यावर मोठा करून चारही कोपरे फिरा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती सेवा केंद्रातच निघते, कारण लेन्स काढता येत नाही. ठिपके जास्त असतील तर सोडून द्या, किंवा साफसफाईचा खर्च किमतीतून कापा. मग कॅमेरा लागोपाठ बंद-चालू करा आणि लेन्स बाहेर येताना कान द्या, करकर नको. सगळ्या चकत्या एकेक खाच फिरवून पाहा, एका खाचेला दोन आकडे पुढे जात असतील तर चकती थकलीय. लेन्सवरची पाती पूर्ण उघडतात ना तेही पाहा. बिल आणि मूळ बॅटरी मागा.

पायवाट

@उंबरठा, सेटिंगचं मी सांगतो. सुरुवातीला एवढंच करा.

छिद्र हाताने ठरवायचं, म्हणजे एव्ही मोड. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००, आणि किमान शटर १/२५०. चालताना तुम्ही हलता, समोरचेही हलतात, त्यापेक्षा कमी नको. दिवसा एफ ८, स्नॅप २.५ मीटर, आणि मेन्यूत फुल प्रेस स्नॅप चालू.

संध्याकाळी उजेड उतरला की छिद्र उघडावं लागतं आणि गणित बदलतं. एफ २.८ वर अडीच मीटर ठेवलं तर साधारण १.८ ते ४.१ मीटर एवढंच सुस्पष्ट येतं. त्याच्या बाहेरचं मऊ पडेल. मग एकतर अर्धवट दाबून ऑटोफोकस करायचा, नाहीतर अडीच मीटर म्हणजे किती हे डोळ्याने ओळखायला शिकायचं. घरात टेप घेऊन दारापासून सोफ्यापर्यंत मोजा, जेवणाच्या टेबलाची लांबी मोजा. महिन्याभरात नजर तयार होते, आणि हे शिकण्यातच खूप मजा आहे.

क्रॉप, ब्रॅकेटिंग, मल्टिपल एक्स्पोजर यांना इतक्यात हात लावू नका.

माळरान

आणि @उंबरठा, पहिले काही आठवडे रोज बरोबर ठेवा. भाजी आणायला, बँकेत, बसस्टॉपवर. 'फोटो काढायला' म्हणून वेगळं निघू नका.

उंबरठा

घेतला! ठाण्यातलाच. भिंतीच्या फोटोत एकही ठिपका नाही, चकत्याही ठीक. सह्यकडा, तुमचे शतशः आभार. परतीच्या गाडीत दाराजवळ उभी होते. समोरच्या बाकावर एक काका डबा उघडून लेकीला भरवत होते. त्यांना विचारलं, हो म्हणाले, काढला. स्नॅप दीड मीटरवर ठेवला होता, दोघंही स्पष्ट आलेत. डब्यातल्या पोळीवरचं तूपसुद्धा दिसतंय!

दोन प्रश्न. पॉझिटिव्ह फिल्म म्हणून जी रंगांची छटा सगळे वापरतात ती कुठे सापडेल? आणि ती लावून काढलेला फोटो नंतर कृष्णधवल करता येतो का, कॉम्प्युटर नसताना?

पायवाट

@उंबरठा, मनापासून अभिनंदन! दीड मीटर ठेवायचं स्वतःहून सुचलं, ते फार आवडलं.

मेन्यूत इमेज कंट्रोल आहे, त्यात पॉझिटिव्ह फिल्म. मूळ छटा थोडी गडद आणि काँट्रास्टची आहे. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात मी काँट्रास्ट एक पायरी कमी करतो, नाहीतर सावल्या बुजतात.

कृष्णधवल नक्की करता येईल, पण त्यासाठी रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (तयार फोटो) दोन्ही साठवायला लावा. रॉ फाइल डीएनजी असते. फोटो पाहताना मेन्यू उघडला की रॉ डेव्हलपमेंट येतं. तिथे इमेज कंट्रोल बदलून मोनोटोन किंवा हाय काँट्रास्ट कृष्णधवल निवडा, एक्स्पोजर हवं तसं हलवा आणि साठवा. नवीन जेपेग वेगळी तयार होते, मूळ फाइलला काही होत नाही. डब्याचा फोटो आधी मोनोटोनमध्ये करून पाहा, हाय काँट्रास्टमध्ये तूप आणि पोळी दोन्ही पांढरे होऊन जातील. काकांची हरकत नसेल तर दोन्ही इथे टाका, रंगीत आणि कृष्णधवल. कुठला राहावा यावर बोलू.